ताईच्या घरातली खोली

नाटकवाले तिला मोजपट्टीबाई म्हणायचे. नेपथ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि पट्टी सदैव गळ्यात. "बाई, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दाराची रुंदी मोजाल," सुतारकाका म्हणायचे. ती हसायची आणि फळी पुन्हा तासून घ्यायची.

वीस वर्षांत तिने राजवाडे उभे केले, तुरुंग उभे केले. पण मोठा पुरस्कार मिळाला तो एका लहान मुलीच्या खोलीसाठी. नाटक होतं लेक गमावलेल्या आईबापांचं. दिग्दर्शकाने खोली मागितली, आणि हिला डोकं खाजवावंच लागलं नाही. तशी खोली ताईच्या घरात होती. भाची सातव्या वर्षी तापाने गेली, तेव्हापासून ताईने तिथली चादरही हलवली नव्हती. चिमुकला हात पोचावा म्हणून खाली ठोकलेली खुंटी, दातांनी कुरतडलेला टेबलाचा कोपरा, काचेवर चिकटवून अर्धवट खरवडलेला कागदी मासा. मावशीने सगळं जसंच्या तसं रंगमंचावर मांडलं. ताईला विचारावं असं दोनदा मनात आलं. पण ती नाही म्हणाली तर? म्हणून तोंडच उघडलं नाही.

परीक्षकांनी त्या खुंटीचं विशेष कौतुक केलं. पुरस्काराची बातमी वाचून ताई मोठ्या हौसेने प्रयोगाला आली. मध्यंतरात धाकटीने पडद्याआडून डोकावून पाहिलं, तर ताईची खुर्ची रिकामी.

आठवडाभर ताईने फोन उचलला नाही. शेवटी धाकटी तिच्या घरीच गेली. भाऊजींनी दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. खोलीत काही म्हणता काही नव्हतं. काचसुद्धा घासून लख्ख केलेली.

"ताई, हे काय केलंस गं?"

"मी कुठे केलं?" ताईचा आवाज चढला नाही. "मी नुसतं सामान हलवलं. आमच्या ऑफिसातली बाई सांगत होती, ती खोली बघून रडूच आलं म्हणे. अगं, मी ह्यांनाही तिथे चपला घालून जाऊ देत नव्हते."

"चुकलं माझं."

"नुसतं विचारलं असतंस, तर तिचा फ्रॉकसुद्धा मीच काढून दिला असता."



नातं तुटलं नाही. ताई तिच्या आजारपणात आली, उशाशी बसली, इकडचं तिकडचं बोललीही. फक्त लेकीचं नाव तिने या बहिणीसमोर पुन्हा कधी काढलं नाही. आणि धाकटीचीही ते घ्यायची छाती झाली नाही.