न लावलेल्या फुलाचा भोपळा

कुजलेल्या भोपळ्याची मला लहानपणापासून किळस आहे. भाताची कापणी झाली की आम्ही विहिरीजवळच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या लहान तुकड्यात, भोपळ्याचे वेल लावत असू. वेलाखाली पाय टाकला की टाचेखाली काहीतरी मऊ फुटायचं. न धरलेले बोटाएवढे भोपळे पिवळे पडून गळत, त्यांना बुळबुळीत पाणी सुटे आणि त्यावर चिलटं बसत. विहिरीवर जाऊन तीनदा पाय धुतले तरी वास जात नसे.

बियाणं माझ्या बायकोच्या माहेरचं होतं, मसुऱ्याचं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिने ते आणलं होतं. राख लावलेल्या बिया नारळाच्या करटीत घालून ती वरून शेणाने लिंपून ठेवायची. लांब देठाच्या नर फुलांची आमच्याकडे भजी होत. पण बायको सगळी फुलं कधी काढत नसे. दर वेलावर चार ठेवायची. ऊन येण्याआधी त्यांतलं एक खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि खाली इवलासा भोपळा असलेल्या मादी फुलात फिरवायचं. याला ती ‘फूल लावणं’ म्हणे.

एका वर्षी मी मोजलं. बासष्ट मादी फुलं आली, त्यांतली एकोणीस धरली. बाकीची त्रेचाळीस माझ्या पायाखाली कुजली.

साठ सालाच्या आगेमागे बोटीवर खलाशी असलेला माझा चुलतभाऊ घरी आला. त्याने परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून बियांचं पाकीट आणलं होतं. आत वीस बिया होत्या.

“ह्येका फूल लावूक नको, माशी नको,” तो म्हणाला. “आपसूक धरता.”

त्यातल्या दहा मी तिच्या वेलांशेजारी लावल्या. हा भोपळा पसरला नाही, झुडपासारखा बसून राहिला. फळ हिरवंगार, लांबट, तवशासारखं, म्हणजे मोठ्या काकडीसारखं. चव्वेचाळीस मादी फुलांतली एक्केचाळीस धरली. जमीन कोरडी, स्वच्छ. मला दुसरं काही बघायची गरज वाटली नाही.

चव मात्र नव्हती. भाजी शिजली की ताटात पाणी पसरायचं. शेजारच्या म्हाताऱ्या काकीला दोन पाठवले, तर दुसऱ्या दिवशी ती कुंपणावरून म्हणाली, “भोपळो बरो होतो रे. पण खाल्लंय काय प्यालंय ता कळाक नाय.”

बायको म्हणाली, “फूल न लावता धरलेल्या भोपळ्याचो भरवसो काय?”

मी तिला एक्केचाळीस आणि एकोणीस हे आकडे ऐकवले.

पुढल्या वर्षी कापणीच्या सुमारास ती बहिणीच्या बाळंतपणाला आठ दिवस गेली. कुणगा मोकळा झाला होता. मी उरलेल्या दहा परदेशी बिया सगळ्या जागेत लावल्या. मग करटी फोडली. आत चौऱ्याऐंशी बिया होत्या. त्या आता कशाला हव्यात, असं मनाशी म्हणून मीठ लावून भाजल्या आणि दोन दिवस सकाळच्या पेजेबरोबर खाल्ल्या. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

ती आली आणि तिने विचारलं, “करटीतल्यो बियो खंय गेल्यो?”

“भाजून खाल्लंय.”

तिने फुटकी करटी उचलून चुलीत घातली. त्या वर्षी मी सांगितलं तशी तिने सगळी नर फुलं काढली, एकही ठेवलं नाही. रोज भजी झाली. मी आवडीने खाल्ली.

शिमग्यापर्यंत तीन भोपळे बियाण्यासाठी झाडावरच पिकू दिले आणि आमच्या रीतीप्रमाणे चुलीवर धुरात टांगले. भादव्यात त्यांतून काळं पाणी चुलीत ठिबकू लागलं. अंगणात नेऊन कोयता मारला तर मेलेल्या घुशीसारखी घाण सुटली. मी नाकाला पंचा लावून काठीने आत ढवळलं.

“हातान बघा,” ती म्हणाली. “काठयेन बी गावता काय?”

माझा हात पुढे होईना. तिनेच घातला. तिच्या तळव्यावर नखाएवढी पांढरी सालं आली, चपटी, आत गर नाही. तिन्ही भोपळ्यांत एक बी नव्हती. फूल न लावता फळ धरतं, बी धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिने हात धुतले आणि एवढंच म्हणाली, “माझ्या आवशीचा बियाणा होता.”

सासू जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

मी मसुऱ्याला गेलो. मेव्हण्याने भोपळे लावणं सोडलं होतं. “एकच उरलेलो, भावोजीनू. माळ्यार कुजलो म्हणून काल गायरीत टाकलंय.”

गायरी म्हणजे शेणाचा खड्डा. भोपळा त्यात अर्धा रुतला होता. वरची साल बोटाने आत गेली. आतला लगदा हलत होता, अळ्यांनी. काही बियांना आतच कोंब फुटले होते आणि कोंब कुठला, अळी कुठली ते दिसत नव्हतं. काठी चालणार नव्हती. मी सदरा काढला आणि कोपरापर्यंत दोन्ही हात घातले. दोनदा ओकारी आली. मेव्हणा वर उभा राहून बघत होता.

“मोजून घेवा हां,” तो म्हणाला. “भाजूक नेतास काय पेरूक?”

माझ्या बायकोने त्याला कळवलं होतं तर.

धड बिया एकतीस निघाल्या. चार धुण्यांनंतरही त्यांना वास होता. घरी बायकोने त्या उन्हात वाळवल्या, राखेत घोळवल्या, नव्या करटीत भरल्या. मला हात लावू दिला नाही. लावल्या त्यांतल्या सात उगवल्या. पहाटे ती फूल लावत वेलांतून फिरायची. त्या वर्षी अकरा भोपळे धरले. न धरलेले पिवळे पडून कुजले, ते रोज वाकून हाताने वेचायचं काम मी माझ्याकडे घेतलं. अजून माझ्याकडेच आहे, आणि अजून मला त्याची किळस येते.