वानखेडेबाबूंच्या नावाचं रक्त

रिपोर्टवर नाव वानखेडेबाबूंचं होतं, रक्त माझं. एलडीएल, म्हणजे नसांमध्ये साचणारी वाईट चरबी, फार वाढलेली. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, तोही वर. बाबूंनी कागद माझ्या हातात दिला. "रिपोर्ट माहा, अन् घाम तुले काहून सुटला बे?" म्हणाले. पण हसले नाहीत.

मी देगलूरकडचा. सातवीत शाळा सुटली. नागपुरात एका ऑफिसात ठेकेदाराकडून लागलो, चहा आणि फायली पोचवायला. वानखेडेबाबू तिथले जुने क्लार्क, मूळचे काटोलचे. दिवसभर खुर्चीत. सकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावर तर्री-पोहे, म्हणजे वर तिखट तेलकट रस्सा ओतलेले पोहे, खायचो. गावापासून इतक्या लांब माझ्याशी मनातलं बोलणारं तेच एक माणूस.

ऑफिसात रक्ततपासणीचं शिबिर लागलं, ते कायमच्या लोकांसाठी. आम्ही ठेक्यावरचे त्यात नव्हतो. मला जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. घरी सांगितलं नव्हतं, पण बाबूंनी पाहिलं होतं. "तू जा माह्या नावानं. मी तं ठणठणीत आहो." मी गेलो.

रिपोर्ट आल्यावर सुट्टी टाकून त्यांनीच मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं माझ्या नावानं पुन्हा रक्त, ईसीजी, मग अँजिओग्राफी. म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या नसा बघतात. बाकावर बसून मला एकच भीती, इथंच संपलो तर गावी कळवणार कोण? नर्सनं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" बाबू म्हणाले, "मोठा भाऊ."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "एक नस जवळपास बंद आहे. वेळेवर आलात." नस उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे छोटी जाळी बसवली.

कामावर परतल्यावर मी त्यांच्या मागं लागलो, तुम्हीही तपासून घ्या. "पाहू गा पुढच्या महिन्यात." पुढचा महिना गेला, त्याच्या पुढचाही.

एका सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी ते घरात पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मोठा हार्ट अटॅक. त्यांची चरबी किती, साखर किती, डॉक्टरांनी विचारलं, पण कुणालाच सांगता येईना. कधी मोजलीच नव्हती.

तेरवीनंतर बाबूंच्या घरी वहिनींकडे गेलो. शिबिरातली ती तपासणी बाबूंच्या वाट्याची होती, ती मी घेतली, एवढंच मनात. त्याच म्हणाल्या, "मले सारं माहीत हाय भाऊ. मनाले लावून घेऊ नका. सुईले लय भेत होते ते. तुमाले पाठवलं अन् घरी येऊन हासून राहिले होते, सुटलो म्हने."

हे खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या, मी विचारलं नाही.

मी रोज गोळ्या घेतो. पोहे बिनतर्रीचे खातो, एकटाच. तुमच्या ऑफिसात, घरात कुणी "मला काय होतंय" म्हणत असेल, तर त्याला हाताला धरून न्या. नुसतं सांगून भागत नाही. मी सांगतच राहिलो.

परवा वहिनींना लॅबमध्ये घेऊन गेलो. त्यांनी हात पुढं केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुमी इथंच बसा, भाऊ."

मी बसलो.