राखलेला खडक

घरात मोठी सून म्हणून आली आणि सगळ्या किनाऱ्याची ‘थोरली’ होऊन बसली. तेव्हा ओहोटीला उघडा पडणारा लांबट खडक लांब पट्ट्यांच्या तपकिरी शेवाळाने झाकलेला असायचा. शेवाळ बाजूला सारलं की खाली खडकाला चिकटलेली, शिंपल्यातली तळहाताएवढी कालवं. थोरली आणि तिची धाकटी जाऊ हातोडीने ती फोडून काढत, बाजारात नेत. त्यावर दोघींची मुलं शिकली.

पुढे किनाऱ्यावर हात वाढले. कालवं बारकी होत गेली, पायांखाली तुडवलं जाऊन शेवाळही गेलं आणि खडकाचं पार टक्कल झालं.

थोरलीने सगळ्या बायकांना किनाऱ्यावरच गाठलं. "अर्धा खडक काही वर्षं सोडून देऊ. कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

"अहो जाऊबाई, दगडाला कुलूप घालणार का?" धाकटीने विचारलं.

"कुलूप कशाला? मी आहे ना!"

तिच्या जिभेला घाबरून म्हणा, बायकांनी ऐकलं. आधी आलं ते हिरवं, बुळबुळीत शेवाळ. त्यावरून घसरून थोरलीचं मनगट मोडलं. लोकांना हसायला निमित्त मिळालं, नवऱ्याने हात जोडले. पण प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती रोज ओहोटीला हजर.

मग एका वर्षी हिरव्यात तपकिरी झुबके दिसले. ते सारून ती वाकली आणि तशीच घरी धावत सुटली.

"आली!"

जाळं विणत बसलेला नवरा घाईने सदरा शोधायला लागला. "कोण? पाहुणे?"

"कालवं हो! नखाएवढी आहेत, पण आहेत!"

जुनं सगळंच काही परतलं नाही. पाणी पूर्वीसारखं थंड राहिलं नव्हतं, त्यामुळे लांब पट्ट्यांचं ते शेवाळ पुन्हा दिसलं नाही. त्याच्या जागी आखूड, झुडपासारखं आलं. थोरली हे कुणापासून लपवत नसे. कालवं मात्र भरली. मोठी तेवढी काढायची, बारक्यांना हात लावायचा नाही, असं बायकांनी आपसांत ठरवलं.

एकदा कुणी परका माणूस हातोडी घेऊन खडकावर चढला. थोरली तोंड उघडणार, तोच धाकटी कडाडली, "ओ भाऊ, उतरा आधी! आमच्या जाऊबाईंनी पोटच्या पोरासारखा वाढवलाय हा खडक!"

थोरलीचा ऊर भरून आला. तिने धाकटीच्या हातातली जड टोपली काढून स्वतःच्या कमरेवर घेतली.