काकूंचा पायगुण आणि लाल गाडी

मालेगावात माझं गॅरेज आहे. मोटारसायकली, मळणीयंत्रं, अधूनमधून एखादी जुनी जीप, असा धंदा. मी तोंडाचा फटकळ आहे, हे गावात कुणालाही विचारा. पोरं आजकाल गाडीला मशीन लावून दोष शोधतात, ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. बोटांना कळत नाही ते मशीनला काय कळणार, असं मी चारचौघांत म्हणायचो. त्या लाल गाडीनं माझ्या बोटांचीच फजिती केली.

गाडी आमच्या पेठेतल्या एका कापडदुकानदार शेठजींची. तरुणपणी हौसेनं घेतलेली, परदेशी बनावटीची, कापडी छपराची, आणि सीट फक्त दोन. शेठजी दर रविवारी एकटे ती पेट्रोल पंपापर्यंत फिरवून आणत. त्या फेरीत ती कधी खोकलीसुद्धा नाही. पण शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, बसल्या रे बसल्या की बसस्टँड यायच्या आत भुकभुक करून बंद. लग्न असो, बारसं असो, हेच. काकूंच्या थोरल्या जावेनं एकदा हसत हसत म्हटलं, "इचा पायगुनच तसा." थट्टाच होती, पण घरात ती रुजली. मग काकू बहुतेकदा एसटीनं जायच्या आणि शेठजी मागून गाडीनं.

मागच्या वर्षी तीनदा मला बोलावणं आलं. इंजिनाच्या अशा दुखण्यात आधी बघायचं, पेट्रोल अडतंय की करंट. करंट म्हणजे प्लगच्या टोकाशी उडणारी ठिणगी. पेट्रोल व्यवस्थित होतं, म्हणून मी करंटच्या मागं लागलो. पहिल्या खेपेला प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला पॉइंट आणि कंडेन्सर, हेही करंटचेच भाग. तिसऱ्या खेपेला करंटला जोर देणारी कॉइलच नवी बसवली आणि छाती ठोकून सांगितलं, "शेठजी, आता ही मुंबईले गेली तरी बंद पडत नाही." पुढच्याच सणाला काकू बसल्या आणि गाडी चौकात उभी. त्यात मी पोचेपर्यंत तिचं दुखणं बरं झालेलं असायचं. शाळेच्या वेळेला पोट दुखणारं पोर घंटा झाल्यावर उड्या मारत सुटतं, तशी एका किल्लीत चालू. मला लाज वाटायची आणि रागही यायचा.

एक दिवस शेठजी गॅरेजवर येऊन बाकावर बसले. म्हणाले, "येत्या रविवारी शिरपूरले मंदिरात जायाचं आहे. दोघंबी. गाडी पोचली तर ठेवतो, नाही तर इकून टाकतो. आता वय झालं, तिले रस्त्यावर उभं ठेवनं जमत नाही."

"काकू काय म्हन्तात?"

"ते म्हन्ते, मी बसत नाही, तुमी जा. माह्यापायी गाडी काहून इकता?"

मला वाईट वाटलं. गाडीचा दोष माझा होता, मला न सापडलेला. आणि ती बाई तो स्वतःच्या पायात शोधून राहिली होती. मी ठरवलं, या वेळी बोलावण्याची वाट बघायची नाही. गाडी निघतानाच तिथं हजर राहायचं. इतक्या खेपांत हे एकदाही सुचलं नव्हतं. नेहमी सारं आटोपल्यावरच मी जायचो.

रविवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. शेठजींनी हातापाया पडून काकूंना तयार केलं होतं. त्या पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बॉनेट उघडा." माहेरी शेतातल्या ऑइल इंजिनची पूजा अशीच व्हायची, वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, देव आत असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ओल्या कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, इंजिनावर काढला. नारळ फोडला आणि त्याचं पाणी इंजिनावर शिंपडत पुटपुटल्या, "तुह्यं पोट थंडं राहू दे रे बाप्पा."

मी वाकून पाहिलं. साथिया नेमका डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवर होता. चारी प्लगांना करंट वाटून देणारी ती टोपी नेहमी कोरडी ठक्क असायला हवी.

पण मला खात्री करायची होती. शेठजींना किल्ली फिरवायला सांगितलं. इंजिन दोनदा भुकभुकलं आणि बसलं. मी शेठजींच्या घराखालच्या दुकानातली ताडपत्री ओढून बॉनेटवर आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि आतल्या अंधारातून ओरडलो, "फिरवा!" टोपीवरच्या ओल्या कुंकवाच्या रेघेवरून निळ्या ठिणग्या मुंग्यांसारख्या पळत होत्या. प्लगकडे जायचा करंट बाहेरच्या बाहेर सांडत होता. काकू बसायच्या तेव्हा दर वेळी निघताना ही पूजा व्हायची, आणि टोपीवरचं वाळलेलं कुंकू पूजेचं म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं. थोड्या वेळानं उन्हानं आणि इंजिनाच्या उष्णतेनं ते पाणी वाळायचं, आणि नेमका तेव्हा मी शहाणा तिथं पोचायचो.

टोपी, वायरी कोरड्या फडक्यानं पुसल्या. एका किल्लीत इंजिन गुरगुरलं. शेठजी खुशीत हॉर्न वाजवू लागले. मी काकूंकडं वळलो आणि सवयीनं बोलून गेलो, "काकू, हे पानी शिंपडनं बंद करा! यानंच बंद पडते गाडी!"

बोललो आणि जीभ चावली. म्हातारीच्या भक्तीवर घाव घातला की काय, असं वाटलं. काकू पायरीवर बसल्या. ताट मांडीवर. मग विचारलं, "म्हंजे मी बसल्यानं नाही?"

"नाही काकू."

"खरं सांगून राह्यला ना बाबू?"

"तुमी पूजा केल्याबिगर शंभरदा बसा. हालायची नाही."

त्या हसल्या, हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग उठून कोरडं कुंकू घेतलं, बॉनेटवर, बाहेरून, छोटा साथिया काढला आणि शेठजींना म्हणाल्या, "चला, उशीर होऊन राह्यला."

मी मोटारसायकलवर मागोमाग निघालो. पिशवी गळ्यात, कान सायलेन्सरकडे. बसस्टँड गेलं, चौक गेला. शिरपूरपर्यंत गाडीनं एकदाही ठसका दिला नाही. मंदिराजवळ शेठजींनी गाडी लावली आणि चपला काढायला निघाले. काकू सीटवरच बसून राहिल्या. त्यांनी कमरेचा मोबाइल काढून थोरल्या जावेला फोन लावला.

"हो, शिरपूरहून बोलून राह्यली," त्या म्हणाल्या. "गाडीनं आली." पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण काकू जरा ताठ बसल्या. "नाही, ते एकटे नाही. मी बसली होती."