नव्या नॉमिनीच्या रकान्यात

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की जे. पी. नगरमधल्या विमा कचेरीतलं ते टेबल आठवतं. बाबा जाऊन महिना झाला होता. त्यांच्या पॉलिसीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, आणि आई तर त्यांच्या तीन वर्षं आधीच गेलेली. भाऊ पुण्याहून आला होता, पण माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, कारण आईनंतर बाबा बेळ्ळंदूरला माझ्याकडेच राहिले होते. समोरचे अधिकारी बेळगावकडचे. "स्वल्प थांबा अक्का, नॉमिनीच नाहीत म्हटल्यावर दोघांच्याही सह्या लागणार," म्हणत ते मी कपाटातून आणलेली बाबांची फाईल चाळू लागले. तिला गोळ्यांचा उग्र वास येत होता. मधूनच एक घडी घातलेला कागद निघाला. "हा नॉमिनी बदलायचा फॉर्म. गेल्या वर्षीची तारीख आहे. भरलाय, पण द्यायचा राहिलाय." भावाने झटकन माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुला माहीत होतं हे?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यात माझं नाव निघालं असतं, तर तो माझ्या घराची पायरी पुन्हा चढला नसता. अधिकाऱ्यांनी घडी उलगडली, वाचलं, आणि कागद आमच्याकडे फिरवला. नव्या नॉमिनीच्या रकान्यात, बाबांच्या थरथरत्या अक्षरात, पुन्हा आईचंच नाव होतं. भावाने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. माझा नवरा गेल्याला आता वर्ष होईल; माझाही तसलाच फॉर्म त्याच कपाटात पडून आहे, आणि त्या रकान्याशी आलं की पेन थांबतं.