जांभळ्या धानाची निंदणी

माझ्या माहेरी, वर्ध्याकडे, गहू पिकायचा आणि गव्हात हुबेहूब गव्हासारखं दिसणारं एक रानगवत यायचं. फवारायची औषधं तेव्हा कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. डोळे आणि बोटं, एवढ्यावरच सारी निंदणी. आईनं मला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं की पान काडीला जिथं मिठी मारतं तिथं बघायचं. गव्हाला तिथं दोन इवलाले कान असतात, रानगवताला नसतात. बिनकानाचं दिसलं की उपटायचं. त्यात मी इतकी तरबेज झाले की आईच्या हातून सुटलेलं गवत तिलाच नेऊन दाखवायची. तोंडाळ होते मी. अजूनही आहे.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मी कामठ्याजवळच्या एका गावात आले. इथं जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. मला धानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कबूल करीन तर मी कसली! पहिल्याच आठवड्यात चुलीपाशी जमलेल्या शेजारणींना मी गव्हाच्या कानांची गोष्ट ऐकवली आणि वर म्हटलं, "गवत इथून तिथून सारखंच. माह्या नजरेतून नाई सुटत." शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. सासू भाताची पेज काढत होती, ती काढत राहिली.

त्या गावात एक वाईट खोड होती. नव्या सुनेची पहिली चूक म्हणजे तिचं दुसरं बारसं. एकीनं आल्या आल्या भात करपवला होता, तिला नातवंडं झाली तरी लोक 'करपी' म्हणायचे. एक बिचारी विहिरीचा रस्ता चुकली, ती झाली 'भुलनी'. ही नावं ऐकून मी खूप हसले होते. मनातून मात्र धास्तावले होते, कारण एवढं बोलून बसल्यावर माझ्या चुकीची वाट सगळा गाव बघत असणार.

गावालगतच्या आमच्या बांधीत करगा माजला होता. करगा म्हणजे रानचं धान. पान तसंच, काडी तशीच. लोंब येईपर्यंत तो ओळखू येत नाही आणि लोंब आली की कापणीआधीच झडून जातो, म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट. त्यावर इकडची एक जुनी युक्ती आहे. त्या बांधीत एक-दोन वर्षं जांभळ्या पानाचं धान पेरायचं. मग जेवढं हिरवं उगवेल तेवढं सगळं करगा, डोळे झाकून उपटावं. सासूनं त्यासाठी छत्तीसगढकडच्या आपल्या माहेरून जांभळ्या धानाचं बी आणून पेरलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कोणी सांगितलं नाही, कारण त्या घरात हे माहीत नसलेलं माणूस कधी आलंच नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी सासू म्हणाली, "तू हो सामोर. त्या बांधीतलं निंदून टाकू. मी ढोराइचं करून येईनच मांगून."

मी बांधीवर गेले. अर्धं हिरवं, अर्धं जांभळं. धान हिरवं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. तरी वाकून कान पाहिले, तर दोन्हींना होते. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण सासू यायच्या आत काम उरकून दाखवायचं होतं ना! जांभळं ते गवत, असं ठरवून मी जी सुटले ती निम्मी बांधी उपटून बांधाच्या धुऱ्यावर ढीग रचूनच थांबले.

सासू आली आणि ढिगाकडे बघतच राहिली. मी शाबासकीची वाट बघत होते.

"हे का करून राहिली व?"

"गवत काढलं ना, माय."

तिनं ढिगातलं एक जांभळं रोप उचललं. "हेच तं धान होय, पोरी. हिरवा तो करगा. आन पेराले दुसरं बी नाई."

मला रडू फुटलं. धानासाठी फुटलं असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढं नवं नाव नाचत होतं.

सासूनं लुगडं खोचलं आणि ती चिखलात उतरली. "रडून का होते? मुळं ओली हायेत तंवर रोव."

आम्ही हिरवं उपटत गेलो आणि जांभळं त्याच्या जागी खोचत गेलो. दुपारी शेजारणी आपली निंदणी आटोपून धुऱ्यावरून चालल्या होत्या. ढीग पाहून त्या थांबल्या. एकीनं हसू दाबत विचारलं, "हे कोनं उपटलं व? वर्धेवालीनं का?"

मी ढिगाकडे पाठ केली आणि पुढचं रोप खोचलं.

सासूनं मानसुद्धा वर केली नाही. "म्याच सांगतलं तिले. जांभळा करगा हाय, उपट म्हटलं. डोळे गेले माहे."

काय हसल्या त्या बाया! जिनं माहेरून बी आणलं, तिनंच ते उपटवलं. दिवस मावळायच्या आत माझ्या सासूचं नाव 'उलटनिंदी' पडलं.

घरी येताना मी विचारलं, "माय, सांगू का त्याइले खरं?"

"कायले? तुले सारा जनम काढाचा हाय इथं. माहे किती दिस राहिले आता?"

मला इतकं हलकं वाटलं की त्याची अजून लाज वाटते. उद्या सांगू, पोळ्याला सांगू, असं करत राहिले. धानानं मुळं धरली. करगा पुढच्या वर्षी उरला थोडा आणि तिसऱ्या वर्षी बांधी साफ झाली, पण नाव काही गेलं नाही. पाण्यावर, बाजारात, लग्नात लोक तिला त्याच नावानं हाक मारायचे आणि ती ओ द्यायची.

सहा वर्षांनी ती गेली. अंगणात जमलेल्या बायांपैकी एकीनं सूर लावला, "गेली व आमची उलटनिंदी." सगळ्याच रडत होत्या, पण ऐकून एक-दोघींना त्यातही हसू आलं. मी सगळ्यांत मोठ्यानं रडत होते. तेव्हाही मी सांगितलं नाही.