पंधरा दिवसांतून दहा फेरे

आमच्या मोठ्या जाऊबाई मुळात कमी बोलतात. बारा वर्षांपूर्वी मोठे दीर ऑपरेशनला गेले, तेव्हा निघताना त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. म्हणाले, "ट्रॅक्टर उभा राहील आता. इंजिनातला दाब सोडायचा खटका ओढून ठेवलाय. पंधरा दिवसांतून एकदा हा पुढचा पंखा हाताने दहा वेळा फिरव, म्हणजे इंजिन जाम होणार नाही." ते परत आले नाहीत. जाऊबाईंनी पंखा फिरवणं सोडलं नाही.

दर दुसऱ्या सोमवारी पदर खोचून त्या शेडमध्ये जायच्या. अंगात ताप असो नाहीतर घरात पाहुणे असोत. फेरे झाले की सीट पुसायच्या, चाकं पुसायच्या. आमचे हे चेष्टा करायचे, "वहिनी, एवढं तर मलाही कुणी पुसून ठेवत नाही." मी कधी हसले नाही. मी देवापुढे बसते, त्या तिथे बसतात, एवढंच मला वाटायचं.

यंदा भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळेना, म्हणून ह्यांनी मिस्त्रीला बोलावलं.

"बारा वर्षं?" मिस्त्री म्हणाला. "आत उंदरांची नातवंडं नांदत असतील, बाई."

"इंजिन मोकळं आहे. मी फिरवते ना." जाऊबाईंनी एका हाताने पंखा फिरवून दाखवला.

मिस्त्रीने वाकून पंखा आणि इंजिन जोडणाऱ्या पट्ट्यावर बोट दाबलं. "पहिल्यापासून इतका हलका होता?"

"छे हो. पहिलं वर्षभर दोन्ही हातांनी ओढायला लागायचा. मग हात बसला."

नंतर नळावर हात धुताना मिस्त्रीने मला हळूच सांगितलं. पट्टा केव्हाच सैल झाला होता. बाई नुसता पंखाच फिरवत होत्या, इंजिन कधीचं जाम होतं. "मी नाही सांगणार त्यांना," तो म्हणाला. मीही सांगितलं नाही.

पण खर्चाचा अंदाज देताना मिस्त्रीने ह्यांना सगळं सांगितलं होतं, आणि ह्यांनी रात्री जेवताना ते बोलून टाकलं. मनात वाईट काही नव्हतं, यंत्राबद्दल बोलावं तसं बोलले.

जाऊबाईंचा घास हातातच राहिला. "मला वाटलं, माझ्या हाताला ताकद आली," त्या म्हणाल्या.

नऊ दिवस मिस्त्री खपला. गंजलेल्या पिस्टनवर डिझेल मुरवलं, लाकडी ठोकळा ठेवून ठोकलं, पट्टा नवा घातला. दहाव्या दिवशी सकाळी काळा धूर ओकत ट्रॅक्टर चालू झाला. शेजारीपाजारी बघायला आले. जाऊबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या.

"ताई, चला ना. चालू झाला."

"ऐकू आलं." मग तवा पालथा घालून म्हणाल्या, "वर गेल्यावर काय सांगू गं ह्यांना?"

"सांगा, चालतोय म्हणून."

"चालतोय का, असं ते नाही विचारणार. ते विचारतील, जाम झाला होता का."

आमचे दीर होतेच तसे, नेमकं विचारणारे.